नैतिक आणि सामाजिक जबाबदारीचे फंड कसे निवडावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नैतिक फंड, ईएसजी फंड, शाश्वत फंड, इम्पॅक्ट फंड: ही एकाच गोष्टीची नावे आहेत का?

नाही, आणि पुढचा निम्मा घोळ इथूनच सुरू होतो. नैतिक फंडात काही धंदे मुळातच वर्ज्य असतात: तंबाखू, जुगार, दारू, शस्त्रे, कोळसा. तिथे प्रश्न असा असतो की, या धंद्यातून आलेला नफा आपल्याला चालेल का? ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार. ईएसजीचे गुण देणारा विश्लेषक बहुधा वेगळेच विचारतो: प्रदूषणाचा दंड बसेल का, पाणी आटले तर कारखाना थांबेल का, संचालक मंडळ प्रवर्तकांच्या मुठीत आहे का, आणि या सगळ्यात भागधारकाचे किती नुकसान होईल. पहिल्यात कंपनी जगाचे काय करते ते पाहतात, दुसऱ्यात जग कंपनीचे काय करील ते.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण उत्तरे जुळतीलच असे नाही. कारभार चोख, कामगारांची सुरक्षा कडक, पाण्याचा पुनर्वापर उत्तम अशा सिगारेट कंपनीला ईएसजीचे बरे गुण पडू शकतात. ती सिगारेट विकते हा मुद्दा त्या हिशेबात एका रकान्यापुरता असतो.

इम्पॅक्ट फंडाने परताव्यासोबत मोजता येण्याजोगा सामाजिक किंवा पर्यावरणीय परिणाम साधायचा असतो आणि तो आकड्यांत मांडायचा असतो. 'शाश्वत' हा शब्द मात्र सगळ्यांत सैल. तो दिसला की थेट नियमांच्या पानावर जा.

ही कल्पना नवीन आहे का?

फंडांचे नाव नवे, आग्रह जुना. फिलाडेल्फियातील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १७५८ मध्येच आपल्या सदस्यांना गुलामांच्या खरेदी-विक्रीपासून रोखले होते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९७१ मध्ये, अमेरिकेत पॅक्स वर्ल्ड फंड निघाला. युद्धाच्या धंद्यात पैसा नको हा त्यामागचा हेतू. ब्रिटनमधला पहिला नैतिक फंड १९८४ चा. 'ईएसजी' ही संज्ञा रूढ झाली ती २००४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या अहवालानंतर.

फंड शोधण्याआधी स्वतः काय ठरवावे?

एका कागदावर तीन रकाने पाडा: 'अजिबात नको', 'थोडे चालेल', 'हवेच'. पहिल्या रकान्यात तीन-चारच गोष्टी लिहा. दहा लिहिल्या तर त्या सगळ्या पाळणारा फंड सापडत नाही, आणि मग कंटाळून माणूस 'ग्रीन' नाव दिसेल तो उचलतो.

लिहिताना शब्द नेमके हवेत. 'शस्त्रे नकोत' म्हणजे काय? भूसुरुंग आणि क्लस्टर बॉम्ब यांवर अनुक्रमे १९९७ चा ओटावा करार आणि २००८ चा क्लस्टर युद्धसामग्रीचा करार आहे. ही 'वादग्रस्त शस्त्रे' बहुतेक जबाबदार फंड वगळतात. पण लढाऊ विमानांचे सुटे भाग बनवणारी कंपनी त्या व्याख्येत येत नाही. 'प्राण्यांवरचे प्रयोग नकोत' असे लिहिले तर सौंदर्यप्रसाधनांसोबत जवळजवळ सगळा औषध उद्योग बाहेर जातो, कारण नव्या औषधाच्या चाचण्यांत ते प्रयोग कायद्यानेच मागितले जात आले आहेत. अणुऊर्जा कोणाला कार्बनमुक्त वीज वाटते, कोणाला धोका. दोन नैतिक फंड इथे उलट बाजूला असू शकतात आणि दोघेही प्रामाणिक असू शकतात.

आणखी एक: उत्पादन की विक्री? तंबाखू पिकवणारा, सिगारेट बनवणारा, तिचे फिल्टर पुरवणारा आणि काउंटरवर पाकीट ठेवणारा, यांतले कोण नको ते लिहून ठेवा. फंडाच्या माहितीपत्रकात हाच फरक बारीक अक्षरांत असतो.

फंड व्यवस्थापक नेमके करतात तरी काय?

पद्धती थोड्याच आहेत, नावे बरीच. बऱ्याचदा एकाच फंडात दोन-तीन पद्धती मिसळलेल्या असतात.

वगळणी: ठरावीक धंदे बाद. समजायला सोपी, तपासायलाही सोपी.

निकषांवर आधारित वगळणी: संयुक्त राष्ट्रांचा ग्लोबल कॉम्पॅक्ट (कंपन्यांसाठीची तत्त्वे) किंवा ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे गंभीरपणे मोडणाऱ्या कंपन्या बाद. बालमजुरी, भ्रष्टाचार, मानवी हक्क असे विषय यात येतात.

आपल्या क्षेत्रात अव्वल: प्रत्येक क्षेत्रातल्या वरच्या गुणांच्या कंपन्या घ्यायच्या. यातली गोम अशी की तेल क्षेत्रही एक क्षेत्रच आहे. त्यातली त्यात बरी तेल कंपनी फंडात येते, आणि घेणारा म्हणतो, "मला तर वाटले होते तेल नाही." फंड खोटे बोललेला नसतो, पद्धत वाचलेली नसते.

समावेशन: ईएसजीची माहिती इतर आर्थिक माहितीसोबत 'विचारात घेतली जाते'. ही सगळ्यांत पातळ पद्धत. विचारात घेऊन तीच कंपनी विकत घेता येते. नुसती एवढीच पद्धत असलेला फंड नैतिक निवडीसाठी बाजूला ठेवलेला बरा.

विषयानुरूप फंड (एकाच विषयावरचे, जसे स्वच्छ ऊर्जा), वर आलेले इम्पॅक्ट फंड आणि भागधारक म्हणून कंपनीशी बोलणी करणारे फंड या उरलेल्या तऱ्हा. त्यांच्याविषयी पुढे.

'५ टक्क्यांहून अधिक उत्पन्न असल्यास वगळू' याचा अर्थ काय?

या एका ओळीत फंडाचा खरा स्वभाव कळतो, म्हणून जरा थांबून पाहू. 'आम्ही कोळसा वगळतो' असे लिहिलेल्या फंडात कोळसा शून्य असतोच असे नाही. कंपनीच्या एकूण उत्पन्नात कोळशाचा वाटा ठरावीक टक्क्यांच्या वर गेला तरच ती बाद होते. ही मर्यादा कुठे ०, कुठे ५, कुठे १०, तर कुठे ३० टक्के असते.

आता दोन कल्पित कंपन्या घ्या. पहिलीचे वार्षिक उत्पन्न १,००,००० कोटी, त्यात कोळसा ४ टक्के, म्हणजे ४,००० कोटी. दुसरीचे उत्पन्न ५०० कोटी, त्यात कोळसा ४० टक्के, म्हणजे २०० कोटी. मर्यादा १० टक्क्यांची असेल तर दुसरी बाहेर आणि पहिली आत. आत राहिलेल्या कंपनीचा कोळशाचा धंदा बाहेर गेलेल्या कंपनीच्या वीसपट. टक्केवारीची मर्यादा मोठ्या, अनेक धंद्यांच्या समूहांना नेहमीच सैल पडते.

नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाला हीच अडचण आली. त्यांचा मूळ निकष कोळशाच्या ३० टक्के वाट्याचा होता. २०१९ मध्ये त्यात ठोक मर्यादाही घातल्या गेल्या: वर्षाला २ कोटी टनांहून अधिक औष्णिक कोळसा काढणारी किंवा १०,००० मेगावॉटहून अधिक कोळशावरची वीजक्षमता असलेली कंपनी, तिचा टक्का काहीही असो, वगळणीस पात्र. त्या फंडाची वगळलेल्या कंपन्यांची यादी कारणांसह जाहीर असते आणि कोणालाही वाचता येते. स्वतःच्या फंडाची यादी ताडून पाहायला ती फार उपयोगी.

मर्यादा वाचताना तीन गोष्टी पाहा: टक्का किती, तो कशाचा (उत्पन्नाचा, नफ्याचा की उत्पादनक्षमतेचा), आणि उपकंपन्या धरल्या आहेत का.

ईएसजी रेटिंगवर कितपत भरवसा ठेवावा?

पहिल्या चाळणीपुरता. सहा रेटिंग संस्थांची तुलना करणारा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संस्थांच्या गुणांमधला सरासरी सहसंबंध ०.५४ निघाला (१ म्हणजे पूर्ण एकमत). पतमानांकन संस्थांमध्ये हाच आकडा ०.९ च्या वर असतो. कर्ज फेडण्याची ताकद मोजताना सगळे जवळपास एकाच ठिकाणी पोहोचतात, 'चांगली कंपनी' मोजताना मात्र ज्याची त्याची फूटपट्टी. या फरकाचा निम्म्याहून अधिक भाग एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने मोजल्याने येतो. उदाहरणार्थ, कामगारविषयक वर्तन कोणी नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या प्रमाणावरून मोजतो, कोणी कंपनीवरच्या खटल्यांच्या संख्येवरून.

मे २०२२ मध्ये टेस्ला ही विजेच्या गाड्यांची कंपनी एस अँड पी ५०० (अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) याच्या ईएसजी आवृत्तीतून बाहेर पडली आणि एक्सॉनमोबिल ही तेल कंपनी त्यात राहिली. पुष्कळ लोक चिडले. पण नियमांप्रमाणे पाहिले तर त्यात चूक नव्हती: तुलना आपापल्या उद्योगगटात होती, आणि टेस्लाचे गुण कामाच्या ठिकाणचा भेदभाव, अपघातांची हाताळणी अशा मुद्द्यांवर घसरले होते. विजेच्या गाड्या बनवण्याला त्या गणितात जेवढे वजन होते तेवढेच मिळाले.

रेटिंग वापरायचेच तर एकूण गुणांऐवजी तुमच्या रकान्यातल्या मुद्द्याचे उपगुण आणि 'वादग्रस्त घटना' हा भाग उघडा. तिथे कामाची माहिती असते.

कागदपत्रांत नेमके काय आणि कोणत्या क्रमाने वाचावे?

अर्धा तास काढा. जाहिरातीचे माहितीपत्र बाजूला ठेवा. हिरवी पाने, पवनचक्क्या आणि हसरी मुले तिथे असतातच.

आधी योजनेच्या मूळ माहितीपत्रकातले गुंतवणुकीचे उद्दिष्ट आणि धोरण वाचा. क्रियापदांवर बोट ठेवा. 'वगळेल', 'गुंतवणूक करणार नाही' हे बंधन आहे. 'टाळण्याचा प्रयत्न करेल', 'लक्षात घेईल', 'शक्य तेथे' ही पळवाट आहे. फंडाने उद्या उलटे वागले तर तुम्ही कोणत्या वाक्याचा आधार घेऊन तक्रार कराल, असे स्वतःला विचारा. तसे वाक्यच सापडत नसेल तर तो फंड तुमच्या यादीतून गेला.

मग किमान प्रमाण पाहा: मालमत्तेच्या किती टक्क्यांना हे नियम लागू? उरलेल्या भागात काय ठेवायची मुभा आहे? रोकड आणि डेरिव्हेटिव्ह्ज (शेअर वा निर्देशांकाच्या भावावर बेतलेले करार) यांना बहुधा सवलत असते. निर्देशांकाचे फ्युचर्स, म्हणजे संपूर्ण निर्देशांकावरचे असे करार, घेतले की वगळलेल्या कंपन्या मागच्या दाराने आत येतात. त्याचे प्रमाण किती असू शकते हे लिहिलेले असते.

पुढे माहितीचा स्रोत. गुण कोण देते? माहिती नसलेल्या कंपनीचे काय करतात? 'माहिती नाही म्हणजे दोष नाही' असे धरणारे फंड असतात, आणि छोट्या कंपन्या किंवा कर्जरोखे असलेल्या फंडांत हे छिद्र मोठे होते.

शेवटी नियम मोडल्यावर काय होते ते. घेतलेली कंपनी नंतर निकषांत बसेनाशी झाली तर किती दिवसांत विकायची? ९० दिवस म्हणणारा फंड आणि 'गुंतवणूकदारांच्या हिताचा विचार करून योग्य वेळी' म्हणणारा फंड यांत मोठे अंतर आहे.

फंडात कोणत्या कंपन्या आहेत हे कसे तपासावे?

पहिल्या दहा कंपन्या पाहून भागत नाही. त्या मोठ्या आणि बहुधा निरुपद्रवी असतात. नको असलेले नाव ८७ व्या क्रमांकावर अर्धा टक्का घेऊन बसलेले असते. फंड हाऊसच्या संकेतस्थळावरून संपूर्ण पोर्टफोलिओची फाइल उतरवा आणि आधी तिची तारीख बघा. काही ठिकाणी ती महिन्याची असते, काही ठिकाणी तीन महिन्यांपूर्वीची.

फाइल उद्योगक्षेत्रानुसार लावा. ऊर्जा, खाणकाम, वीजनिर्मिती, संरक्षण, ग्राहकोपयोगी वस्तू हे गट एकेक करून उघडा. ज्या कंपनीच्या नावावरून धंदा कळत नाही तिचा वार्षिक अहवाल काढून विभागवार उत्पन्नाचा तक्ता पाहा. तो लेखापरीक्षित हिशेबांच्या टिपांत असतो. तिथे 'इतर' नावाचा मोठा विभाग दिसला तर थांबून वाचायचे. मग 'अजिबात नको' रकान्यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी त्या उद्योगातल्या सर्वांत मोठ्या पाच कंपन्यांची नावे फाइलमध्ये शोधा. या शोधात बहुतेक फंडांचा निकाल लागतो.

बँका विसरू नका. फंडात एकही तेल कंपनी नाही, पण तेलक्षेत्राला मोठी कर्जे देणाऱ्या चार बँका आहेत, हे चित्र अगदी नेहमीचे. उत्पन्नाच्या मर्यादेत बँक अडकत नाही, कारण तिचे उत्पन्न व्याजाचे. हे चालेल की नाही ते तुम्हीच ठरवा. फंडाचे नियम त्यावर सहसा गप्प असतात.

फंड दुसऱ्या फंडांत पैसे गुंतवत असेल तर आतल्या प्रत्येक फंडाची फाइल वेगळी काढावी लागते. किचकट काम आहे, पण बाहेरच्या फंडाचे नियम आतल्या फंडाला आपोआप लागू होत नाहीत.

सरकारी नियम आणि लेबले पुरेशी नाहीत का?

मदत होते, निवड होत नाही. युरोपीय संघात १० मार्च २०२१ पासून फंड 'कलम ८' (पर्यावरण वा समाजाचे मुद्दे पुढे करणारे) किंवा 'कलम ९' (शाश्वत गुंतवणूक हेच उद्दिष्ट असलेले) खाली खुलासे करू लागले. ही गुणवत्तेची श्रेणी नव्हती, कोणती माहिती द्यायची याचे ते कलम होते. पण विक्रेत्यांनी त्याचे लेबल केले. २०२२ च्या अखेरीस कितीतरी फंड कलम ९ वरून ८ वर उतरले. कंपन्या त्याच होत्या, अर्थ कडक झाला होता. पुढे नावांवरच नियम आला: 'शाश्वत', 'ईएसजी' असे शब्द नावात असतील तर किमान ८० टक्के गुंतवणूक त्या उद्दिष्टाला धरून हवी, आणि पर्यावरण सुचवणाऱ्या नावांना कोळसा व तेलाबाबत ठरावीक वगळण्याही लागू. जुन्या फंडांना तो २१ मे २०२५ पासून लागू झाला.

ब्रिटनमध्ये जुलै २०२४ पासून चार लेबले आहेत आणि किमान प्रमाण ७० टक्के. भारतात सेबी या बाजार नियामकाने २०२३ मध्ये ईएसजी फंडांसाठी सहा धोरणे ठरवली, योजनेच्या नावात धोरण दिसले पाहिजे असे सांगितले, आणि त्या धोरणाप्रमाणे किमान ८० टक्के गुंतवणूक बंधनकारक केली.

यातला कोणताही नियम फंडाला तुमची नीतिमत्ता स्वीकारायला लावत नाही. फंडाने सांगितलेले पाळावे एवढेच तो बघतो.

ग्रीनवॉशिंग कसे ओळखावे?

ग्रीनवॉशिंग म्हणजे नसलेला हिरवेपणा मिरवणे; बोलाचीच कढी बोलाचाच भात, तशातला हा प्रकार. दंडापर्यंत गेलेली उदाहरणे पाहिली की खुणा कळतात. ऑस्ट्रेलियात मर्सर कंपनीने 'सस्टेनेबल प्लस' नावाचे सात पेन्शन पर्याय विकले. त्यांत कार्बनप्रधान जीवाश्म इंधने, दारूनिर्मिती आणि जुगार नाही, असे सांगितले होते. प्रत्यक्षात १५ जीवाश्म इंधन कंपन्या, १५ दारू कंपन्या आणि १९ जुगार कंपन्या निघाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये १.१३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. पुढच्याच महिन्यात व्हॅनगार्ड या फंड कंपनीच्या तिथल्या शाखेला १.२९ कोटींचा: रोखे फंडातले सगळे रोखे तपासून घेतल्याचा दावा होता, पण बऱ्याच रोख्यांची छाननी झालेलीच नव्हती. अमेरिकेत डीडब्ल्यूएस या फंड कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये १.९ कोटी डॉलर भरले, कारण ईएसजीची जी कार्यपद्धती ते सांगत होते ती आत तशी राबवली जात नव्हती.

मर्सरचा प्रकार पोर्टफोलिओची फाइल उघडून कोणालाही पकडता आला असता. व्हॅनगार्डचा 'माहिती नसलेल्यांचे काय' या प्रश्नाने. तिसरा बाहेरून पकडणे अवघड; तिथे नियामकच लागतो.

बाहेरून दिसणाऱ्या खुणा: नाव बदलले पण कंपन्या त्याच, परिणाम अहवालात आकड्यांऐवजी छायाचित्रे, 'अमुक झाडांइतका कार्बन वाचला' अशी तुलना, पण गणित नाही, आणि मूळ निर्देशांकाशी ९५ टक्के जुळणारा पोर्टफोलिओ, त्यावर वेगळी फी.

परतावा कमी मिळतो का?

कधी कमी, कधी जास्त. कारण मात्र सांगता येते. वगळणी म्हणजे बाजारापेक्षा वेगळा पोर्टफोलिओ, आणि वगळलेले क्षेत्र उसळले की तुम्ही मागे पडता. २०२२ मध्ये एस अँड पी ५०० निर्देशांक लाभांश धरून सुमारे १८ टक्के घसरला, तर त्यातलेच ऊर्जा क्षेत्र निम्म्याहून अधिक वाढले. तेल वगळणाऱ्या फंडांना त्या वर्षी फटका बसला. तेल घसरलेल्या वर्षांत तेच फंड पुढे दिसतात आणि मग जाहिराती निघतात. दोन्ही वेळा श्रेय वा दोष नैतिकतेचा नसतो, क्षेत्राच्या वजनाचा असतो.

तेव्हा मागच्या एका वर्षाचा परतावा पाहून फंड धरू नका. पाच-सात वर्षांचा तक्ता घ्या, त्यात त्याच बाजाराचा साधा निर्देशांक शेजारी ठेवा, आणि कोणत्या वर्षी किती फरक पडला ते बघा. वाईट वर्षातला फरक सोसवेल का? मध्येच विकून बाहेर पडलात तर तत्त्वही राहत नाही आणि पैसाही.

जास्त खर्च देणे योग्य आहे का?

जास्तीच्या कामासाठी थोडा जास्त, ठीक. पण चक्रवाढीचे गणित निष्ठुर आहे. १ लाख, २५ वर्षे, खर्चाआधी ८ टक्के परतावा. वार्षिक खर्च ०.२ टक्के असेल तर सुमारे ६.५४ लाख होतात, १.२ टक्के असेल तर सुमारे ५.१८ लाख. एका टक्क्याने मूळ रकमेहून अधिक गेले.

म्हणून विचारा की जास्तीच्या पैशात काय मिळते. स्वतःचे संशोधन, कंपन्यांशी बोलणी, मतदानाचा तपशील, परिणामाचा अहवाल मिळत असेल तर विचार करता येईल. तयार निर्देशांकाची नक्कल असेल तर स्वस्तातला स्वस्त घ्या.

इंडेक्स फंड घ्यावा की सक्रिय व्यवस्थापनाचा?

इंडेक्स फंड निर्देशांकाची नक्कल करतो, सक्रिय फंडात व्यवस्थापक कंपन्या निवडतो. 'अजिबात नको' रकाना छोटा आणि ठोस असेल, जसे तंबाखू, कोळसा, वादग्रस्त शस्त्रे, तर वगळणीचा इंडेक्स फंड बहुतेकांना पुरतो. नियम छापील असतात, खर्च कमी असतो. दोष एवढाच की निर्देशांक ठरावीक काळानेच बदलतो. मधल्या काळात एखाद्या कंपनीचा मोठा घोटाळा बाहेर आला तरी ती पुढच्या फेरबदलापर्यंत राहू शकते. मुद्दे गुंतागुंतीचे असतील, जसे पुरवठा साखळीतली मजुरी किंवा जमिनीचे हक्क, तर माणसाचा निर्णय लागतो. तेव्हा सक्रिय फंड, पण वरच्या सगळ्या तपासणीसह.

माझ्या पैशाने कंपनीला खरेच फरक पडतो का?

थेट विचाराल तर फार कमी. शेअर बाजारात तुम्ही शेअर विकता तेव्हा तो दुसरा कोणी घेतो. कंपनीच्या तिजोरीतून काही जात नाही. पुष्कळ मोठ्या गुंतवणूकदारांनी एकदम पाठ फिरवली तर नवे भांडवल महाग होऊ शकते, पण ते सावकाश आणि अनिश्चित आहे. 'या धंद्याच्या नफ्यात माझा वाटा नको' एवढाच हेतू असेल तर वगळणी पूर्ण काम करते. बदल घडवायचा असेल तर मतदान पाहा.

फंडाकडे तुमच्या वतीने भागधारकाचे मत असते. २०२१ मध्ये इंजिन नंबर १ या छोट्या फंडाकडे एक्सॉनमोबिलचे जेमतेम ०.०२ टक्के शेअर होते. मोठ्या गुंतवणूकदारांची मते मिळवून त्याने संचालक मंडळावर आपले तीन उमेदवार निवडून आणले. म्हणून फंड हाऊसचा मतदानाचा अहवाल उघडा आणि तुमच्या मुद्द्यावरचे दोन-तीन ठराव शोधा. हवामानाचे गोडवे गाणारे फंड हाऊस कधी कधी प्रत्यक्ष ठरावावर विरोधात मत देताना दिसते, तेही सलग काही वर्षे.

एक बारीक गोष्ट: फंड आपले शेअर उसने देऊन थोडे उत्पन्न कमावतात. शेअर उसना गेला की मताचा हक्कही त्याच्यासोबत जातो. मतदानाआधी शेअर परत मागवता का, हा प्रश्न ग्राहक सेवेला लेखी विचारा.

कार्बनचे आकडे कसे वाचावेत?

फंडांच्या माहितीपत्रात 'भारित सरासरी कार्बन तीव्रता' असते: कंपनीच्या प्रत्येक १० लाख डॉलर उत्पन्नामागे किती टन उत्सर्जन, आणि त्याला फंडातल्या वजनाने गुणून केलेली बेरीज. ६० टक्के वजनाच्या कंपनीची तीव्रता ५० टन आणि ४० टक्के वजनाच्या कंपनीची ४०० टन असेल, तर ३० अधिक १६० म्हणजे १९० टन.

इथे फसगत अशी होते. कंपनी १ लाख टन सोडते, उत्पन्न ५० कोटी डॉलर; तीव्रता २०० टन. पुढच्या वर्षी मालाचे भाव चढले, उत्पन्न ८० कोटी झाले, धूर तेवढाच, तीव्रता १२५. कागदावर मोठी सुधारणा, आकाशात काहीच नाही. त्यामुळे एकूण टनांचा आकडाही मागा.

दुसरे, व्याप्ती पाहा. पहिली व्याप्ती म्हणजे कंपनीचा स्वतःचा धूर, दुसरी विकत घेतलेल्या विजेचा, तिसरी पुरवठादार आणि माल वापरणाऱ्यांचा. तेल कंपनीचा बहुतांश भार तिसऱ्यात असतो, कारण तेल ग्राहक जाळतो. तिसरी व्याप्ती गाळलेल्या आकड्यात तेल कंपनी सिमेंट कंपनीपेक्षा स्वच्छ दिसू शकते.

ग्रीन बाँडचे फंड कसे असतात?

ग्रीन बाँड म्हणजे पर्यावरणाच्या प्रकल्पांसाठी काढलेले कर्जरोखे. रोख्यांत पैसा थेट कर्जदाराकडे जातो, म्हणून इथे परिणामाचा दावा जास्त सरळ असतो. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने २००७ मध्ये या प्रकारचा पहिला रोखा काढला. पैसा कोणत्या प्रकल्पाला गेला याचा वार्षिक अहवाल आणि बाहेरच्या संस्थेचा अभिप्राय आहे का, एवढे पाहा. प्रकल्प हिरवा असला तरी परतफेड बहुधा संपूर्ण कंपनीच्या पतीवर असते, हे विसरू नका.

फक्त सौर किंवा स्वच्छ ऊर्जेचा फंड घेतला तर?

छोटा हिस्सा म्हणून घ्या, पाया म्हणून नाही. एस अँड पीचा जागतिक स्वच्छ ऊर्जा निर्देशांक २०२० मध्ये दुपटीहून वाढला आणि पुढची चारही वर्षे, २०२१ ते २०२४, खाली आला. त्यात कंपन्या मोजक्या, एकाच धोरणावर आणि व्याजदरावर अवलंबून. नैतिक असणे आणि विखुरलेले असणे हे वेगवेगळे गुण आहेत.

आधीचे फंड लगेच विकून टाकावेत का?

आधी तीन आकडे काढा: विक्रीवरचा कर, मुदतीआधी बाहेर पडण्याचे शुल्क, आणि नव्या फंडाचा वार्षिक खर्च. नवी बचत आजपासून नव्या फंडात वळवायला काही लागत नाही, तिथून सुरुवात करा. जुन्यातले शुल्काची मुदत संपलेले आणि नफा कमी असलेले युनिट आधी हलवा.

एकदा निवडल्यावर किती वेळा पाहावे?

वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात. ताजी पोर्टफोलिओ फाइल, मतदानाचा अहवाल आणि धोरणात झालेले बदल, एवढेच. फंड हाऊसकडून 'योजनेच्या मूलभूत गुणधर्मांत बदल' किंवा 'विलीनीकरण' असा मजकूर आला तर मात्र वर्षाची वाट पाहू नका. नैतिक फंड बरेचदा लहान असतात आणि कधी कधी मोठ्या, साध्या फंडात विलीन होतात. वगळणीचा नियम अशा वेळी एका परिच्छेदात नाहीसा होतो. काही ठिकाणी शुल्काशिवाय बाहेर पडायची मुदत दिलेली असते आणि ती थोड्याच दिवसांची असते.

नको असलेली एखादी कंपनी फंडात सापडली, तर?

आधी फंडाचा नियम पाहा. नियमाप्रमाणे ती आत असेल तर फंड तुमच्यासाठी चुकीचा आहे, पर्याय शोधा. नियमाविरुद्ध असेल तर फंड हाऊसला कंपनीचे नाव, फाइलची तारीख आणि माहितीपत्रकातले ते वाक्य जसेच्या तसे लिहून ईमेल करा आणि विक्रीची मुदत विचारा. गोलमोल उत्तर आले तर तोच पत्रव्यवहार नियामकाच्या तक्रार कक्षाकडे पाठवा.